पस्तीस लाखांची पेटी: टाइप-तपासणी वेगळ्या प्रोसेसमध्ये नेल्यावर घडलेलं एक प्रकरण

एप्रिलचा दुसरा आठवडा, आंब्याचा भर हंगाम. सकाळी सव्वासातला पावसकडच्या एका बागायतदार काकांचा फोन आला. "बाय गो, डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाला तुमच्या ॲपवरून बिल गेलंय, ते जरा बघ. पाच डझनी एक पेटी, आणि रक्कम लिहिलीय पस्तीस लाख एकशे ऐंशी." काका चिडले नव्हते. आवाजात संकोच होता, आणि तोच मला जास्त लागला. ते गिऱ्हाईक त्यांच्याकडे वडिलांच्या काळापासूनचं. त्याला स्वतः फोन करून "चुकून गेलं" म्हणायची वेळ आमच्यामुळे काकांवर आली होती.

पेटीचा दर ३५०० रुपये आणि गाडीभाडं १८०. बेरीज व्हायला हवी होती ३६८०, बिलावर आलं ३५००१८०. जावास्क्रिप्टमध्ये थोडंफार काम केलेल्याला हे बघताक्षणी कळेल. एका बाजूला आकडा होता, दुसऱ्या बाजूला मजकूर, आणि अधिकच्या चिन्हाने बेरीज न करता दोन्ही एकापुढे एक चिकटवले.

चूक कळायला मिनिटही लागलं नाही. ती बाहेर कशी पडली, हे शोधायला मात्र दिवस गेला. आमचा सगळा कोड टाइपस्क्रिप्टमध्ये आहे, म्हणजे कोणती गोष्ट आकडा आणि कोणती मजकूर (तिचा टाइप) हे लिहून ठेवता येणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये, आणि ते आम्ही नेमकी असली चूक पकडायला घेतलं. तपासणी आम्ही बंदही केली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी ती बंडलिंगपासून (सगळ्या फायली ब्राउझरसाठी एकत्र बांधण्यापासून) सोडवून स्वतंत्र प्रोसेसमध्ये नेली होती, इतकंच. तपासनीस रोज चालत होता. मागाहून पाहिलं तर त्याने हीच चूक, हीच ओळ पकडून आमच्या टर्मिनलवर लिहिलीही होती. तरीही बिल गेलं. आमच्यासारखी मांडणी आज असंख्य प्रकल्पांत आहे, म्हणून हे तपशिलाने लिहिते आहे.

आधी काय होतं

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ दोन खोल्यांत आमचं पाच जणांचं काम चालतं. बागायतदारांसाठी एक वेब ॲप आहे: बागेतून किती माल आला, कोणत्या प्रतीच्या किती पेट्या भरल्या, कुणाची मागणी, कोणती गाडी, बिल. वापरणारे बहुतेक मोबाइलवर, आणि त्यातले निम्मे डोंगराआडच्या वाड्यांत, जिथे रेंज एका ठरावीक दगडावर उभं राहिलं तरच मिळते. त्यामुळे बंडल लहान ठेवायची आम्हाला काळजी असते. बंडल बांधायला वेबपॅक ५, पडदे रिॲक्ट या लायब्ररीतले, आणि टाइपस्क्रिप्टच्या फायली वेबपॅकला झेपतील अशा करून द्यायला टीएस-लोडर.

लॅपटॉप साधे आहेत, आठ जीबी मेमरीचे. त्यातले दोन जुने, दोन कोअरचे. वीज गेली की इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टर उतरला की लॅपटॉपची बॅटरी. अशा वेळी प्रोसेसर किती राबतो याला आमच्याकडे थेट किंमत आहे: पंखा जोरात फिरायला लागला की काम किती वेळ चालेल हे सगळ्यांना कळतं.

कोड वाढत गेला तसं सेव्ह करून ब्राउझरमध्ये बदल दिसेपर्यंतचं थांबणं वाढलं. जुन्या लॅपटॉपवर ते दहा-बारा सेकंदांवर गेलं. सकाळी डेव्ह सर्व्हर (काम करताना लॅपटॉपवरच ॲप चालवून दाखवणारा) सुरू करायला दीड मिनिटाच्या वर. दहा सेकंद ऐकायला काहीच नाही. पण बटणाची जागा चार पिक्सेल हलवून बघायची असेल, तर दर वेळी दहा सेकंद म्हणजे माणूस मध्येच फोन उचलतो आणि विचार तुटतो. आमच्यातला सर्वांत धाकटा एकदा म्हणाला, "ताई, मी आता पाच-पाच बदल एकदम करतो आणि मग सेव्ह करतो." तेव्हा मला हे हाताळायलाच हवं असं वाटलं. पाच बदल एकदम केले की मोडलं कशाने ते कळत नाही.

वेळ कुठे जात होता

टीएस-लोडर त्याच्या मूळ वळणावर सोडला तर दोन वेगळी कामं करतो, आणि ती वेगळी आहेत हे आम्हीही तोवर नीट समजून घेतलं नव्हतं.

पहिलं काम टाइप्स काढून टाकून साधी जावास्क्रिप्ट तयार करणं. याला एका वेळी एकच फाइल लागते. टाइपच्या खुणा पुसल्या, नवी वाक्यरचना जुन्या ब्राउझरला झेपेल अशी बदलली, संपलं. दुसरं काम टाइप तपासणं, आणि त्याला अख्खा प्रकल्प लागतो. या फाइलीत वापरलेलं फंक्शन कुठून आलं, ते काय परत देतं, तो टाइप आणखी कुठे जाहीर झाला आहे, नोड-मोड्यूल्समधल्या, म्हणजे बाहेरून घेतलेल्या पॅकेजेसच्या, डी-टीएस फायली (त्यांचे टाइप्स सांगणाऱ्या) काय म्हणतात, हे सगळं वाचून, जोडून मगच कंपायलर "ठीक" किंवा "चूक" सांगू शकतो. पहिलं काम झटपट होतं. वेळ खातं ते दुसरं.

ही सगळी साधनं नोडवर चालतात, आणि नोडमध्ये तुमची जावास्क्रिप्ट एका धाग्यावर चालते, म्हणजे एका वेळी एकच काम. तपासणी वेबपॅकच्याच प्रोसेसमध्ये होत असेल, तर तेवढा वेळ वेबपॅक हातावर हात ठेवून बसतो. बंडल तयार करायला तपासणीच्या निकालाची काहीच गरज नसते. टाइप्स चालत्या कोडमध्ये उरतच नाहीत.

काकांच्या पेट्या भरायच्या शेडमध्ये मी हंगामात जाते. निवड करणाऱ्या दोघी एकेक फळ हातात फिरवून बघतात, डागी आंबा बाजूला काढतात, मग चांगला पुढे सरकवतात. भरणारा गवताच्या थरावर तो मांडतो. निवडणारीचा हात थांबला की भरणाऱ्याचाही थांबतो. आमचं मूळ वळण नेमकं असं होतं. आम्ही बदल केला तो असा: भरणाऱ्याला सांगितलं, तू थांबू नको. तपासणारी शेजारच्या टेबलावर बसेल आणि डागी दिसला की हाक मारेल. शेडच्या दारात गाडी उभी असते. ती कुणाच्या शब्दावर सोडायची, हे आम्ही ठरवलंच नाही. प्रकरण सगळं इथे आहे.

केलेला बदल

टीएस-लोडरला ट्रान्सपाइल-ओन्ली हा पर्याय दिला की तो फक्त पहिलं काम करतो. दुसऱ्या कामासाठी फोर्क-टीएस-चेकर-वेबपॅक-प्लगिन घातलं. हे प्लगिन वेबपॅकच्या प्रोसेसमधून एक वेगळी नोड प्रोसेस उभी करतं. तिची मेमरी वेगळी, तिचा धागा वेगळा. दोघांमध्ये निरोपांची देवाणघेवाण चालते: इकडून कोणत्या फायली बदलल्या ते जातं, तिकडून सापडलेल्या चुका येतात. आमचा शोध नाही हा. क्रिएट-रिॲक्ट-ॲप या रिॲक्टचे प्रकल्प उभे करून देणाऱ्या साधनानेही टाइपस्क्रिप्टचा आधार देताना हीच वाट घेतली होती: टाइप्स पुसायला बाबेल, तपासायला हे प्लगिन.

फरक पहिल्याच दिवशी दिसला. सेव्ह केल्यापासून दीड-दोन सेकंदांत ब्राउझर ताजा. तपासणीचा निकाल त्यानंतर दहा-पंधरा सेकंदांनी टर्मिनलवर. प्लगिनमध्ये असिंक नावाचा पर्याय आहे. वेबपॅकचा मोड डेव्हलपमेंट असेल तर तो आपोआप चालू असतो, म्हणजे डेव्ह सर्व्हर तपासणीसाठी थांबत नाही.

तपासणीचं काम यात कमी झालं नाही, हेही लिहायला हवं. उलट वाढलं. दोन प्रोसेसना एकमेकींची मेमरी वाचता येत नाही, म्हणून तीच फाइल दोघी स्वतंत्रपणे वाचतात आणि उलगडतात. त्यात एडिटरची स्वतःची टाइपस्क्रिप्ट प्रोसेस असतेच, म्हणजे तिसरी. वर ब्राउझर. चार कोअरच्या लॅपटॉपवर कुणाला काही जाणवलं नाही. दोन कोअरच्या लॅपटॉपवर तपासणी चालू असताना ब्राउझर अडखळायचा, आणि एकदा तपासनीस मेमरी संपून मेला. प्लगिन त्या प्रोसेसला मुळातच मेमरीची एक मर्यादा घालतं. ती वाढवता येते, पण आठ जीबीच्या यंत्रावर वाढवणार किती?

म्हणून टीएससीला, म्हणजे टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरच्या आज्ञेला, एक्स्टेंडेड-डायग्नॉस्टिक्स देऊन बघितलं. त्यात किती फायली वाचल्या, वाचायला किती वेळ, जोडायला किती, तपासायला किती, मेमरी किती, सगळं वेगवेगळं मिळतं. आमच्या स्वतःच्या फायलींच्या कितीतरी पट डी-टीएस फायली पॅकेजेसच्या होत्या. स्किप-लिब-चेक चालू केलं. याने त्या फायली वाचल्या जातातच, त्यांचे टाइप्स वापरलेही जातात, फक्त त्यांच्या आतल्या चुका शोधत बसत नाहीत. टीएस-कॉन्फिगच्या (टाइपस्क्रिप्टच्या सेटिंग्जच्या फाइलीच्या) यादीत एक जुना प्रयोगांचा फोल्डरही शिरला होता, तो काढला. तेवढ्यावर मर्यादा न वाढवता भागलं. वेग वाढवायला वेगळी प्रोसेस उभी करण्याआधी हे करायला हवं होतं. ज्या कामाची गरजच नाही ते दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवण्यात शहाणपण नव्हतं.

आणखी एक गोष्ट लगेच वर आली. एका फाइलीतून टाइप आयात करून तो तसाच पुढे निर्यात करणाऱ्या आमच्या काही फायली होत्या. अख्खा प्रकल्प दिसत असताना कंपायलरला कळतं की हा नुसता टाइप आहे, आणि तो ती ओळ गाळतो. एकेक फाइल सुटी बघणाऱ्याला हे कळायला मार्ग नसतो. तो ओळ ठेवतो, आणि मग वेबपॅक "अशी निर्यात सापडली नाही" म्हणून इशारे देत बसतो. टाइपस्क्रिप्ट ३.८ पासून एक्स्पोर्ट-टाइप लिहायची सोय आहे, ती वापरली. आणि आयसोलेटेड-मोड्यूल्स चालू केलं, म्हणजे सुट्या फाइलीला न झेपणारं काही लिहिलं की तपासनीसच सांगतो. ट्रान्सपाइल-ओन्ली वापरणाऱ्या कुणीही हे पहिल्या दिवशीच चालू करावं.

बेचाळिसावी चूक

आता ज्या साखळीने बिल बाहेर गेलं ती सांगते. तिच्यात चार कड्या आहेत. एकही कडी एकटी मोठी नव्हती.

पहिली कडी नावांची. लांबलचक सापेक्ष मार्ग लिहायला नकोत म्हणून आम्ही फोल्डरांना टोपणनावं दिली होती. काही टोपणनावं वेबपॅकच्या कॉन्फिगमध्ये आणि टीएस-कॉन्फिगच्या पाथ्समध्ये, दोन्हीकडे होती. मागाहून घातलेलं एक मात्र फक्त वेबपॅकमध्ये. इतके महिने ते खपलं, कारण टीएस-लोडर नावं शोधताना वेबपॅकच्या रिझॉल्व्हरचीही मदत घेतो. नवा तपासनीस तसं करत नाही. तो टाइपस्क्रिप्टच्या नियमांनीच फायली शोधतो, आणि ते मुद्दाम आहे: वेबपॅकची वाट बघावी लागली तर वेगळं बसण्यात अर्थच उरत नाही. परिणाम असा, की बंडल सुरळीत, ॲप सुरळीत, आणि टर्मिनलवर "मोड्यूल सापडत नाही" अशा ४१ चुका.

त्या ४१ चुका खोट्या आहेत हे आम्ही एकमेकांना सांगितलं. तेही अर्धंच खरं होतं, ते पुढे येईल.

दुसरी कडी पडद्याची. प्लगिन चुका डेव्ह सर्व्हरलाही कळवतं आणि ब्राउझरवर पूर्ण पडदाभर लाल आच्छादन येतं. ४१ खोट्या चुकांचं आच्छादन दर सेव्हला यायला लागल्यावर कुणीतरी डेव्ह-सर्व्हरचा पर्याय बंद केला. कुणी, हे आठवत नाही, आणि विचारावंसंही वाटलं नाही. त्या परिस्थितीत मीही तेच केलं असतं.

तिसरी कडी माझी. आमचं वेबपॅक कॉन्फिग तीन फायलींत आहे: सामायिक, डेव्हलपमेंट (आम्ही काम करतानाची) आणि प्रॉडक्शन (वापरणाऱ्यांपर्यंत जाणाऱ्या ॲपची). ट्रान्सपाइल-ओन्ली मी सामायिक फाइलीत लिहिलं, कारण लोडरचा नियम तिथे होता. प्लगिन लिहिलं डेव्हलपमेंटच्या फाइलीत, कारण मला डेव्हलपमेंटचं थांबणं कमी करायचं होतं. म्हणजे प्रॉडक्शन बिल्डमधून टाइप-तपासणी त्या दिवशी पूर्णपणे गेली. आमच्या सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करून ॲप चढवणाऱ्या यंत्रणेत) टीएससीची वेगळी पायरी कधीच नव्हती. गरज पडली नव्हती, कारण बिल्ड म्हणजेच तपासणी होती. त्या संध्याकाळी सीआयवरचं बिल्ड निम्म्याहून कमी वेळात झालेलं बघून आम्ही खूश झालो. एखादं काम अचानक इतकं झटपट झालं तर त्यातलं काय गळलं, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

चौथी कडी भाड्याची, आणि ती धंद्यातूनच आली. वाहतूकदाराकडे माल दोन प्रकारे जातो. भाडं पाठवणाऱ्याने आधीच भरलं तर पेड, आणि माल सोडवून घेताना घेणाऱ्याने भरायचं असेल तर टू-पे. आम्ही भाडं नुसता आकडा धरला होता. बागायतदारांनी टू-पेची सोय मागितली, ती रास्त होती. सर्व्हरवर तो रकाना मजकुराचा झाला: कधी "१८०", कधी "टू-पे". जुन्या नोंदींत आकडाच राहिला. टाइपही प्रामाणिकपणे बदलला गेला, नंबरऐवजी "नंबर किंवा स्ट्रिंग". तो रकाना तीन ठिकाणी वापरला होता. दोन ठिकाणी दुरुस्ती झाली, तिसरं राहिलं. ते गिऱ्हाइकाला जाणाऱ्या बिलाच्या संदेशाचं.

आता "नंबर किंवा स्ट्रिंग" असलेल्या किमतीत नंबर मिळवायला गेलं की टाइपस्क्रिप्ट स्पष्ट हरकत घेतं. चूक क्रमांक २३६५, या दोन टाइप्सना अधिकचं चिन्ह लावता येत नाही. तपासनीसाने ती त्याच दुपारी लिहिली. ब्राउझर ताजा झाल्यानंतर काही सेकंदांनी, मागे गेलेल्या टर्मिनलच्या खिडकीत, चुकांच्या लांब यादीत. खाली संख्या आली ४२. रोज ४१ बघणाऱ्या डोळ्यांना ४२ वेगळं दिसत नाही. ज्याने बदल केला त्याने ब्राउझरमध्ये एक पेड आणि एक टू-पे मागणी उघडून पाहिली, दुरुस्त केलेले दोन्ही पडदे बरोबर होते. त्याने काम निष्काळजीपणे केलं असं मी म्हणणार नाही. यादी वाचायची सवय आम्हीच सगळ्यांनी मिळून मोडली होती.

मग प्रॉडक्शन बिल्ड झालं. त्यात तपासनीसच नव्हता. बंडल तयार, पानं उघडतात, बटणं चालतात. साका धरलेला हापूस वरून असाच दिसतो, साल पिवळी, देठाला वास. कापल्याशिवाय कळत नाही.

दुरुस्ती

त्या सकाळी आधी बिल पाठवणं थांबवलं, आकड्याची दुरुस्ती चढवली, आणि त्या काळात गेलेली बिलं एकेक काढून बागायतदारांना स्वतः फोन केले. अकरा बिलं चुकली होती. बाकीच्यांची रक्कम इतकी उघड चुकीची होती की गिऱ्हाइकांनी हसून सोडून दिली, पण फोन मात्र सगळ्यांना केले.

मग मुळाशी गेलो. टोपणनावं फक्त टीएस-कॉन्फिगमध्ये ठेवली आणि वेबपॅकने ती तिथूनच वाचावीत अशी सोय केली. त्यासाठी टीएसकॉन्फिग-पाथ्स-वेबपॅक-प्लगिन आहे. एक गोष्ट दोन जागी लिहिली की आज ना उद्या त्या दोन जागा वेगळं बोलू लागतात. या बदलानंतर ४१ चुका गेल्या आणि त्यांच्या जागी सहा नव्या उगवल्या. सगळ्या खऱ्या! ज्या मोड्यूलचा पत्ता कंपायलरला लागत नाही, त्यातून आलेल्या प्रत्येक गोष्टीला तो "एनी" धरतो, आणि एनीला सगळं चालतं. म्हणजे त्या खोट्या चुका नुसता गोंगाट करत नव्हत्या, तर त्या फोल्डरातून आलेल्या प्रत्येक वस्तूवरची तपासणीही झाकून टाकत होत्या. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते याने. "ही चूक खोटी आहे, सोडून द्या" असं तपासनीसाबद्दल म्हणताना मी आता थबकते.

सहा दुरुस्त करून संख्या शून्यावर आणली आणि आच्छादन पुन्हा चालू केलं. शून्यावरून एक झालं तर दिसतं. यापुढे एखादी चूक लगेच सुटण्यासारखी नसेल, तर त्या ओळीवर कारण लिहून टीएस-एक्स्पेक्ट-एरर लावायचं. टीएस-इग्नोर नको. एक्स्पेक्ट-एररचा गुण असा की पुढे ती चूक मिटली, तर खूण काढून टाका म्हणून तो स्वतःच चूक दाखवतो.

प्लगिन सामायिक फाइलीत गेलं, ट्रान्सपाइल-ओन्लीच्या शेजारी, आणि दोन्ही एकाच फंक्शनमधून येतात. एक काढला की दुसरा जातोच, लोडर मूळ वळणावर परततो. एकदाच चालणाऱ्या बिल्डमध्ये वेबपॅक तपासणीच्या निकालासाठी थांबतो, आणि चूक असेल तर आज्ञा अपयशी ठरते, पुढची चढवण्याची पायरी चालत नाही. तपासणी आणि बंडलिंग समांतर होतात, म्हणून पूर्वीइतका वेळही लागत नाही. जी जास्त रेंगाळेल तिच्याइतका लागतो.

इथे आमच्यात वाद झाला, तो नोंदवते. सर्व्हरचं काम बघणाऱ्या दादाचं म्हणणं होतं, की प्लगिन डेव्हलपमेंटपुरतं ठेवा आणि सीआयमध्ये टीएससी नो-एमिट (फायली न बनवता नुसती तपासणी) ही वेगळी पायरी घाला. जबाबदाऱ्या स्वच्छ वेगळ्या राहतात, आणि टाइपस्क्रिप्ट ४.० पासून नो-एमिटबरोबर इन्क्रिमेंटलही चालतं, त्यामुळे मागच्या वेळची माहिती साठवून पुढची तपासणी लवकर होते. मुंबई-पुण्याच्या एखाद्या ऑफिससाठी मीही हेच म्हणाले असते. पण आमच्या सगळ्या चढवण्या सीआयमधून होत नाहीत. जूनमध्ये वादळी पावसात झाडं तारांवर पडली की कधी कधी दोन दिवस ब्रॉडबँड नसतं, आणि एखादी तातडीची दुरुस्ती मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, एकाच लॅपटॉपवर बिल्ड करून थेट चढवावी लागते. त्या घाईत तपासणी बिल्डच्या आज्ञेच्या आतच असायला हवी, आठवणीवर सोडून चालणार नाही. शेवटी दोन्ही ठेवलं. बिल्डमधल्या प्लगिनला चाचण्यांच्या फायली गाळायला सांगितल्या, आणि सीआयमधली टीएससी चाचण्यांसकट सगळं बघते.

आणखी एक पायरी आम्ही तेव्हापासून पाळतो. बिल्डच्या कॉन्फिगला हात लावला की एक मुद्दाम चुकीची फाइल घालायची, मजकूर आकड्यात ठेवणारी एकच ओळ, आणि प्रॉडक्शन बिल्ड चालवायचं. ते पडलं पाहिजे. पडलं नाही तर कॉन्फिगमधला बदल परत. या पायरीला पाच मिनिटं लागतात, आणि फेब्रुवारीत ती असती तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

एक गोष्ट टाइप-तपासणीच्या कक्षेबाहेरची आहे, तीही सांगायला हवी. या वेळी सर्व्हरवरचा बदल टाइपमध्ये उतरला होता म्हणून निदान पकडला तरी गेला. टाइप बदलायचा राहिला असता तर कंपायलरला काहीच कळलं नसतं, कारण नेटवरून काय येतं ते तो बघत नाही. म्हणून पैशांशी संबंधित रकाने ॲपमध्ये शिरतानाच आम्ही चालत्या कोडमध्ये तपासतो. भाडं आता आकडा-किंवा-मजकूर असं राहिलेलंच नाही. पेड असेल तर रक्कम, टू-पे असेल तर रकमेचा रकानाच नाही. अशा टाइपमध्ये चुकीची बेरीज लिहायला वाव उरत नाही.

सध्याची स्थिती

दोन कोअरचे लॅपटॉप अजून आहेत. त्यातल्या एकावर काम करणारी आमची सहकारी वीज गेलेली असताना एक पर्यावरण-चल (प्रोग्राम सुरू करताना बाहेरून दिलेली सेटिंग) लावून डेव्ह सर्व्हरमधला तपासनीस बंद ठेवते आणि एडिटरवर भागवते. एडिटर मुख्यतः उघड्या फायलींतल्या चुका दाखवतो, न उघडलेल्या तिसऱ्या फाइलीतली नाही, हे तिला माहीत आहे. तो चल प्रॉडक्शन बिल्डमध्ये वाचलाच जात नाही, म्हणून माझी हरकत नाही.

वेबपॅक सोडून व्हीट (Vite) या दुसऱ्या साधनाकडे जावं का, अशी चर्चा अधूनमधून होते. तिथे तर टाइप्स मुळातच नुसते पुसले जातात. तपासणी तुम्ही वेगळी आणायची, त्यासाठीही प्लगिन आहेच. म्हणजे प्रश्न तिथेही हाच राहील. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्टचा कंपायलर गो भाषेत आणत असल्याचं जाहीर केलं आणि सुमारे दहापट वेगाची गोष्ट केली. तो आमच्या लॅपटॉपवर नीट बसला की वेगळ्या प्रोसेसचा हिशोब पुन्हा मांडू. तोवर ही मांडणी आहे.

मे संपता संपता, पाऊस तोंडावर आलेला, शेवटच्या पेट्यांच्या गडबडीत धाकट्याने लांज्याहून, त्याच्या घरच्या ओटीवर बसून हॉटस्पॉटवरून एक दुरुस्ती चढवायला घेतली. बिल्ड थांबलं. एक चूक होती: पेटीतल्या डझनांचा रकाना रिकामा असू शकतो, हे एका जागी धरलं नव्हतं. त्याने मला फोन केला, "ताई, अडवलंन." दहा मिनिटांत ती ओळ दुरुस्त झाली, बिल्ड पुढे गेलं, आणि त्या संध्याकाळी काकांची हंगामातली शेवटची गाडी बरोबर बिलांनिशी सुटली.